डावा कौल

पाकळी डाव्या खांद्यावरची पडली. बाबली तांडेलाने ती पडताना स्वच्छ पाहिली.

गाभाऱ्यात त्या सकाळी तो आणि अप्पा गुरव असे दोघेच होते. रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं समुद्रात घालण्याआधी देवीचा कौल घ्यायचा, ही वाडीची रीत. देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने एकेक पाकळी चिकटवायची; उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर त्या दिवशी होडी लोटायची नाही. अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पाकळी चिकटवायला त्यांना हाताचा अंदाज पुरे होई, पण कुठली गळली ते दिसत नसे. ते सांगायचं काम होडीचा प्रमुख म्हणून तांडेलाकडे आलं होतं. तांडेल देवीसमोर खोटं बोलेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"खंयचो कौल दिल्यान रे बाबली?" अप्पांनी विचारलं.

किनाऱ्याजवळ बांगड्याचा थवा आला होता. पाणी काळवंडलं होतं, वर पाखरं घिरट्या घालत होती. सगळा पावसाळा वाडीने पेज आणि सुकटीवर काढला होता, आणि शेजारच्या वाडीचे लोक आपली होडी पाण्याकडे ओढताना दिसत होते.

"उजवो," बाबली म्हणाला.

होडीत एक माणूस कमी पडत होता. लवूला नुकताच मुलगा झाला होता. सोयर संपलं म्हणून तो किनाऱ्यावर आला होता, पण होडीत चढायला कचरत होता. बाबलीनेच त्याला हाक मारून वल्ह्यावर बसवलं.

जाळं अर्धगोल टाकून होडी किनाऱ्याकडे वळली, तशी पाण्याखालची ओढ बदलली. जाळं सरळ खडपाकडे निघालं आणि तिथल्या बुडालेल्या दगडांत अडकलं. दोर ताठ झाला. दोर आणि होडीची कड यांच्यामध्ये, होडीतून दोर सोडणाऱ्या दाजीचा पाय सापडला. बाबलीने कोयत्याने दोर तोडला, तेव्हा पाय मोकळा झाला. पण नडगी मोडली होती आणि अर्धं जाळं तळाशी राहिलं होतं. शेजारच्या वाडीने पाण्याचा रंग बघून होडी पुन्हा वर ओढून घेतली होती.

दोष कुणाचा, हे वाडीने लगेच ठरवलं. कौल उजवा असताना अपघात होतोच कसा? लवूचं सोयर संपलंच नसणार, त्याने होडी विटाळली. लवू बाळाची शपथ घेत राहिला. लोक म्हणाले, बाळाला मध्ये आणू नकोस. त्याला रापणीतून काढायचं आणि त्याच्या घरी मासळीचा वाटा द्यायचा नाही, असं घाटत होतं. सोमवारी देवळात बैठक ठरली.

तोवर बाबलीला अन्न गोड लागेना. खरं सांगितलं तर तांडेलकी जाईल. बापाने वापरलेलं सुकाणू दुसऱ्याच्या हातात जाईल. गप्प राहिलं तर लवूची चूल विझेल. लवू वाटेत भेटला की बाबली पायवाट बदलायचा.

सोमवारी सगळे जमले. दाजीला पायाला फळ्या बांधून उचलून आणलं होतं. अप्पांनी गाऱ्हाणं घातलं. "बाय माझे, ज्येच्या हातसून चूक घडली असात, त्येका तुज्या पायाकडे आण."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात लवूचा आवाज सगळ्यांत मोठा होता. बाबलीचं तोंड उघडलं नाही. ज्या माणसाला हाकलायला लोक जमले होते, तोच गाऱ्हाण्याला मनापासून होकार देत होता.

बाबली उठला. पंचा खांद्यावरून काढून त्याने हातात घेतला.

"लवूचो दोष नाय," तो म्हणाला. "देवीन डावो कौल दिल्लो. मी अप्पांक उजवो म्हणान सांगितलंय."

 दाजी बोलला, तोही हळूच. "माजो पाय मोडलो तेव्हा तुजी जीभ खंय होती रे?"

 थव्याचं, शेजारच्या होडीचं, पावसाळ्यातल्या उपासमारीचं बाबलीला सांगता आलं असतं. त्याने त्यातलं काहीच सांगितलं नाही. तो म्हणाला, "माका तांडेल ठेवचो काय नाय, ता देवीक इचारा. पाकळी लवू बघात."

अप्पांनी हात चाचपत पाकळ्या चिकटवल्या. लवू पुढे झाला. बाबली देवीकडे पाठ करून उभा राहिला. समोर दारातून समुद्राची पट्टी दिसत होती. लवूला वाटलं तर तो आता हवं ते सांगू शकत होता. सूडही त्याच्या हातात होता आणि दयाही. पाकळी दगडावर पडल्याचा आवाजसुद्धा मागून आला नाही.

"डावो, बाबलीकाका," लवू म्हणाला. 

बाबलीने मागे वळून पाहिलं नाही. "बरा," म्हणाला, आणि देवळाच्या पायऱ्या उतरला.

पुढच्या रापणीला तो होडीत नव्हता. किनाऱ्यावर दोराच्या अगदी शेवटच्या टोकाला उभा राहून तो ओढत होता. मासळीचे ढीग पडले तेव्हा त्याने आपला वाटा उचलला आणि दाजीच्या ओटीवर नेऊन ठेवला. दाजीने मान फिरवली. बाबली दुसऱ्या दिवशीही गेला. पुढे वर्ष उलटलं, दाजी लंगडत का होईना दोराला हात लावू लागला, तरी बाबली त्याच टोकाला राहिला. त्या सोमवारी पाकळी खरंच कुठली गळली, हे त्याने लवूला कधी विचारलं नाही.