क्लब गेला तेव्हाचं पिठलं
पिठल्याच्या फोडणीचा वास आला की मला ल्यूकनमधले आमचे म्हातारे आयरिश शेजारी आठवतात. नवीन आलो तेव्हा कुठल्या वारी कोणता कचरा ठेवायचा, हे त्यांनीच शिकवलं होतं. एका शनिवारी सकाळी ते लाल-पांढरा मफलर घालून कुंपणापाशी उभे होते. "आमचा क्लब गेला रे," म्हणाले. तरुणपणी ते इंग्लंडमध्ये बांधकामावर होते. तिथल्या कामगारांनी काढलेला तो छोटा फुटबॉल क्लब ही परक्या गावात त्यांना नावाने हाक मारणारी एकमेव जागा. आता तो बंद पडला होता, मैदानावर घरं होणार होती. मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, क्लब कसा जातो? मग आपण भेटायला जायचं की नाही?" मलाही कळेना. घरातला पहिला पदवीधर मी, पण हे कुठे शिकवलं नव्हतं. आमच्या गावी कुणी गेलं की शेजारी पिठलं-भात नेतात. मीही डबा नेला. त्यांनी सगळं खाल्लं आणि डोळे पुसले, तिखटाने की कशाने कोण जाणे. उन्हाळ्यात ते धुतलेला डबा घेऊन हसत आले. "लोकांनी पुन्हा सुरू केला! नाव तेच. सगळ्यात खालची लीग, पण ग्रँड!" मी विचारलं, "म्हणजे तोच क्लब, की नवा?" त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "मलाही माहीत नाही. अशा वेळी काय आणतात तुमच्याकडे?" बायको आतून म्हणाली, "बारशाच्या घुगऱ्या करू?" तोच की नवा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, पण दर वर्षी मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी हरभरे भिजत घालतो.