आतून लागणारी कडी

मी भोपाळमध्ये आरोग्य खात्यात आहे. कोर्टाच्या आदेशाने बायकांना जिथे ठेवतात आणि गेटबाहेर जाऊ देत नाहीत, अशा एका महिलागृहाची वार्षिक तपासणी माझ्याकडे असते. मागच्या वर्षी फॉर्मवरच्या 'स्नानगृहाला दार आहे का?' या प्रश्नापुढे मी ऐटीत 'होय' लिहिलं आणि अधीक्षिकाबाईंनी मागवलेले पोहे खाऊन घरी आले.

या खेपेला पोहे येण्याआधीच मागच्या अंगणात गेले. तिथे पन्नाशीची एक बाई रिकामी बादली घेऊन बाथरूमसमोर बसली होती. केसांचा पार गुंता झालेला.

"आलसी है, मैडम. चार दिन से नहाई नहीं," अधीक्षिका म्हणाल्या.

बाई माझ्याकडे न बघताच बोलली, "हमारी जोड़ीदार छूट के घर चली गई. अब दरवाजा कौन पकड़े?"

मला काही उमजेना. मग तिने उठून दार लोटून दाखवलं. आतल्या बाजूला कडीच नव्हती, स्क्रूची भोकं तेवढी होती. इथे एकीची अंघोळ होईपर्यंत दुसरी बाहेरून दाराला पाठ लावून उभी राहायची, मग पाळी बदलायची. सगळ्यांच्या जोड्या ठरलेल्या. हिची जोडीदार सुटली आणि ही एकटी पडली.

माझं डोकं भडकलं, आणि आधी स्वतःवरच. मी दार पाहिलं होतं, हात लावून लोटलं नव्हतं. तरी तोंड सोडलं ते अधीक्षिकांवर. त्या रडकुंडीला आल्या. पूर्वी एका मुलीने स्वतःला आत कोंडून घेतलं होतं, दार तोडेपर्यंत ती बेशुद्ध पडली होती. तेव्हापासून कड्या काढून टाकल्या. यांची भीती खरी, हिची लाजही खरी, आणि माझ्या फॉर्मला दोन्हींचा पत्ता नाही.

घरी, अवधपुरीला, नवऱ्यापुढे तणतणले. तो कारखान्यात टेक्निशियन आहे, त्याला माणसांपेक्षा बिजागऱ्या लवकर कळतात. म्हणाला, "अगं, आतून लागते आणि बाहेरून किल्लीने उघडते, अशी कडी मिळते की! त्यात काय एवढं?" मी अहवालात तसंच लिहिलं, किल्ली अधीक्षिकांकडे राहील हेही लिहिलं, आणि मग रोज फोन करून वरच्यांचं डोकं खाल्लं.

महिन्याभराने फेरतपासणीला गेले. बाथरूमचं दार ढकललं, ते हललं नाही. आत पाण्याचा आवाज येत होता. अधीक्षिकांनी लगबगीने कमरेची किल्ली काढली. "खोल देती हूँ, मैडम." मी त्यांचा हात धरला आणि दारावर नुसती टकटक केली.

"कौन है?" आवाज त्याच बाईचा, पण चांगलाच खेकसलेला. "अभी टाइम लगेगा!"

"आराम से नहाओ," मी म्हणाले आणि पायरीवर बसले. एरवी कुणी ताटकळत ठेवलं की माझा पारा चढतो. त्या दिवशी बाईने मला अर्धा तास बसवून ठेवलं, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू.