नेल्डाच्या काडतुसांची दारू

अमेरिकेत मोंटानातला व्हर्लिन स्ट्राउड घरच्या गॅरेजात स्वतःची आणि धाकट्या बहिणीची, नेल्डाची, शिकारीची काडतुसं दारू घालून भरायचा. त्या हिवाळ्यात त्याच्यासमोर बंदुकीच्या दोन दारू होत्या. एक उन्हाथंडीत सारखीच चालणारी. दुसरी उन्हात जास्त जोर धरणारी, पण बर्फात चाचणी घेतली तेव्हा तिच्या गोळ्या जणू एकाच भोकात लागल्या. व्हर्लिन त्या नेमाला भुलला. नेल्डाला त्यानं दुसरीच भरून दिली आणि उन्हाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

ऑगस्टमध्ये ती काडतुसं नेल्डाच्या ट्रकमध्ये तापली. तिनं चाप ओढला तसं काडतुसाचं बूड फुटलं आणि तापलेल्या वायूच्या झोतानं तिचा गाल भाजला.

"माझाच वेंधळेपणा रे दादा," गालाला पट्टी लावलेली नेल्डा म्हणाली. "उन्हात ठेवायलाच नको होती. तू भरलेल्या काडतुसांना काय धाड भरलीय!"

व्हर्लिनला तिच्याकडे बघवेना. "मला ठाऊक होतं, नेल्डा. ती दारू उन्हात बिथरते. नेम बघून मी हुरळलो."

नेल्डानं गालावरची पट्टी चाचपली. "तेव्हाच सांगायचंस ना. सावलीत ठेवली असती."

त्यानं पहिली दारू आणून नवी काडतुसं भरली. नेल्डानं ती घेतली, पण त्या मोसमात त्याच्याबरोबर शिकारीला काही ती आली नाही.