नवा एडिटर, जुनी बोटं

परळच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा हा गृहस्थ दर दोन महिन्यांनी कोड लिहायचा एडिटर बदलतो. सोमवारी खुर्ची माझ्याकडे वळवून जाहीर करतो, "बस, आता हाच. मरेपर्यंत बदलणार नाय."

बदलत नाही ती त्याच्या स्क्रीनवरची टर्मिनलची काळी खिडकी. तिथे त्याची बोटं त्याच जुन्या कमांड न बघता मारतात, बांगड्याचा काटा काढावा तशी. त्या टर्मिनलमधल्या जुन्या एडिटरात फाइल सेव्ह करून बंद करायला :wq असं टाइप करावं लागे. नव्या एडिटरला हे कळत नाही. तो बिचारा ती अक्षरं मुकाट्याने फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि आम्ही ती खोडत बसतो. "बोटांना सांगून दमलो रे," हा म्हणतो.

भोईवाड्यात तो राहतो, त्या चाळीचा तो सेक्रेटरी होता. टाकी धुण्याची नोटीसही त्यानं असल्याच कुठल्यातरी नव्या एडिटरात लिहिली. मी त्याच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा ती जिन्यात लागली होती. सहीच्या वर ठळक :wq. शेजारच्या काकूंनी विचारलं, "ह्याचा अर्थ काय रे?"

माझ्याकडे न बघता तो गंभीरपणे म्हणाला, "विषय संपला, काकू."

यंदा सेक्रेटरी बदलला. परवा गेलो तर जिन्यात नवी नोटीस, नव्या माणसाची सही, आणि सहीच्या वर तीच अक्षरं. मी बोट दाखवलं.

"मी बोललो त्याला, काढ म्हणून," तो ओशाळून म्हणाला. "तो बोलतो, काढलं की लोक भांडायला येतात."