जाळीवरचे तारेचे ओरखडे

मुलांनो, गाडीच्या पुढच्या जाळीपायी या घरात दोन महिने कोणी स्वस्थ बसलं नाही. व्हिडिओ कॉलवर तुम्ही त्यातलं थोडंसं पाहिलंत आणि हसलात. बाकीचं लिहून ठेवते.

तुम्हाला ही गाडी माहीत आहे ती ताडपत्रीखालची, आपल्या मुलुंडच्या सोसायटीत मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली. तुमचे बाबा तिच्यातच लहानाचे मोठे झाले. दोन वर्षांपूर्वी इमारतीला रंग देताना परांच्या बांधल्या होत्या, तेव्हा कोणीतरी तिची पुढची चकचकीत जाळी स्क्रू काढून पळवली. त्यानंतर ती दात काढलेल्या माणसासारखी दिसायची. आजोबा तिच्याकडे बघायचंच टाळत.

या पावसाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी आजोबांना स्पष्ट सांगितलं. काचबिंदूमुळे डाव्या बाजूचं दिसणं कमी होत चाललं आहे. लायसन्सची मुदत दिवाळीपर्यंत आहे, तोवर दिवसाउजेडी, जवळपास चालवा. पुढच्या दाखल्यावर मी सही करणार नाही, असं म्हणाले. आजोबा घरी आले, चपला न काढता खाली गेले आणि ताडपत्री ओढून काढली. दसऱ्याला गाडी रस्त्यावर काढायची, आणि ती होती तशीच दिसली पाहिजे, हे त्यांनी तिथे उभं राहून ठरवलं.

इंजिनाचं काम गॅरेजच्या मिस्त्रीने भराभर केलं. अडलं ते जाळीपाशी. एका दुपारी त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी जाळी आमच्यासमोर ठेवली.

"काका, हे बघा. डुप्लिकेट आहे, पण माल झकास."

आजोबांनी तिच्यावर टिचकी मारली. "डब्याच्या झाकणासारखी वाजते."

"मग काय तबला म्हणून वाजवणार आहात का तिला?" मिस्त्री म्हणाला. "लांबून कोणाला कळतंय?"

हेच तू म्हणाली होतीस, मोठीबाई, फोनवरून. ऑनलाइन मागव, आजी, कोणाला कळणार आहे? मलाही ते पटलं होतं. मला कुठलंही काम अर्धवट लोंबकळत राहिलेलं सोसत नाही. पण आजोबांना कंपनीचीच जाळी हवी होती, आणि अशा गाड्या बंद होऊन इतकी वर्षं झाली की ती मिळणार फक्त मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीवरून.

मग वाट बघणं सुरू झालं. एक जाळी मिळाली ती वाकडी, दुसरी भलत्याच मॉडेलची. आजोबा जेवताना मध्येच उठत आणि मिस्त्रीला फोन लावत. गॅलरीतून दारापर्यंत आणि दारापासून गॅलरीपर्यंत.

"अहो, बसा जरा. जाळीला पाय फुटून ती वर येणार नाही."

"तू बस. सकाळपासून तेच कपाट परत परत लावते आहेस."

खरं होतं ते. चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घालत होते. त्यांना शेवटचं एकदा चालवायला मिळणार का, हा प्रश्न त्यांच्याइतकाच माझ्याही मागे लागला होता. आणि मिळालंच, तर शेजारच्या सीटवर मला बसायचं होतं.

नवरात्र अर्धं झालं तेव्हा मिस्त्रीचा फोन आला. घाटकोपरला अगदी हीच गाडी आहे, दिवाळीनंतर भंगारात जाणार आहे, मालक सुटे भाग द्यायला तयार आहे. मिस्त्रीला घेऊन आम्ही रिक्षाने पोहोचलो. एका जुन्या इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीशेजारी ती उभी होती. चारही टायर बसलेले, पण जाळी जागेवर, सरळ. मालक कामावर गेला होता. त्याची आई खाली आली, माझ्याच वयाची, हातात ओलं फडकं.

"झीलान सांगितल्यान, तुम्ही येतलात म्हणून," ती म्हणाली, आणि वाकून जाळी पुसायला लागली.

धूळ गेल्यावर आजोबा जवळ गेले. जाळीच्या दोन्ही टोकांना, वरच्या पट्टीवर, चकाकी घासून गेली होती आणि आतला पिवळट धातू दिसत होता. त्यांनी तिथे बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी लगेच ओळखलं. आमच्या जाळीवर हेच, याच ठिकाणी होतं. दर दसऱ्याला मी झेंडूचा हार गाडीला तारेने बांधायची, कारण दोऱ्याने बांधला की पहिल्याच वळणावर तो एका बाजूला लोंबतो. आजोबा दरवर्षी कुरकुर करत की तारेने क्रोम खरवडतं, आणि मी दरवर्षी तारच आणत असे.

"हार तुम्ही बांधता?" मी विचारलं.

"मीच. ह्यांका गाडयेचां भारी वेड होतां." ती उठली. "ते गेले, गाडी बंद पडली. चलत नाय, तरी हार घालतंय. ह्या वर्षी आता जाळी नाय, तर खय बांधतलंय?" ती हसली. "काढा तुम्ही. झीलान शब्द दिल्यान."

मिस्त्री स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलाच होता. आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू दे."

"काका, ओरिजिनल आहे. अशी परत नाही मिळणार."

"ओरिजिनल आहे, पण यांची आहे. ऊठ."

रिक्षात मी गप्प बसू शकले नाही. "दिवाळीनंतर ती भंगारातच जाणार आहे. आपण नाही नेली तर दुसरा कोणी नेईल."

"नेऊ दे. दुसऱ्या बाईच्या तारेचे ओरखडे माझ्या गाडीवर लावून मी फिरणार नाही."

"अहो, मग इतके दिवस कसली वाट बघत होतो आपण?"

त्यांचं बरोबर होतं का, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही. घरी परत येईपर्यंत ते मांडीवर बोटं वाजवत होते.

शेवटी डुप्लिकेटच बसली, आणि तीही सुखाने नाही. भोकं जुळेनात. "डुप्लिकेटचं असंच असतं, काका," म्हणत मिस्त्री दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कानस घासत होता, आणि आजोबा त्याच्या डोक्यावर उभे होते. जाळी बसल्यावर गाडीच्या जुन्या निळ्या रंगापुढे ती उगाच भपकेबाज दिसली.

दसऱ्याला सकाळी मी गाडीला हळदकुंकू लावलं आणि हार बांधायला दोरा घेतला. नव्या मुलाम्यावर तार लावायची माझी छाती होईना.

"तार कुठे आहे?" आजोबांनी विचारलं.

"नवी आहे हो ती."

"तारेनेच बांध."

मी तारेने बांधला. आम्ही निघालो, नाहूरच्या दिशेने, रविवारसारख्या मोकळ्या रस्त्यावरून. गाडी छान चालत होती. त्यांचे हात चाकावर तसेच होते, पूर्वीसारखे. मी मात्र रस्त्याकडे बघतच नव्हते, त्यांच्या डाव्या डोळ्याकडे बघत होते.

"डावीकडे रिक्षा," मी म्हणाले.

"दिसली."

ती त्यांना दिसली नव्हती. मी बोलल्यावर मान वळली. पुढच्या सिग्नलला एक सायकलवाला, परत तेच. तिसऱ्यांदा मी नुसता त्यांच्या हाताला हात लावला, आणि त्यांनी ब्रेक दाबला.

परत आल्यावर त्यांनी गाडी भिंतीशी लावली, उतरून पुढे गेले आणि हार थोडा बाजूला सारून पाहिलं.

"लागली बघ एक," ते म्हणाले.

तारेखाली केसाएवढी रेघ उठली होती. या वेळी त्यांनी कुरकुर केली नाही. अंगठ्याने ती चोळून पाहिली, हार पुन्हा सारखा केला आणि तिथेच घुटमळत राहिले. मला वाटलं, आता किल्ली माझ्याकडे देतील. दिवाळीला अजून अवकाश होता, पण हे एकदाच, असं आमचं ठरलं होतं.

"उद्या घाटकोपरला जाऊ," ते म्हणाले. "त्या बाईंना एक चक्कर मारून आणू."

"इतक्या लांब? त्या गर्दीत?"

त्यांनी किल्ली खिशात टाकली.

"डावीकडचं तू सांगत जा," ते म्हणाले.

मी अजून हो म्हटलेलं नाही. हे लिहिते आहे तेव्हा ते गॅलरीत उभे आहेत, आणि खाली गाडीवर ताडपत्री घातलेली नाही.