आतल्या खोलीतला एकांत

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. मंडळीत नाही, पाळकांजवळ नाही, मुलाजवळ तर नाहीच. प्रार्थनेतही शब्द इथवर आले की वळसा घालतात. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आम्ही राहतो त्या गोडादऱ्याच्या वस्तीतल्या छोट्या मराठी मंडळीत माझं नाव आहे — शांत माणूस म्हणून. तरुण पोरं विचारतात, काका, प्रभूच्या पायाशी स्थिर कसं बसायचं? मी सांगतो. मान खाली घालून, सावकाश, छान सांगतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

खरं ऐका. बमरोलीला लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, माझं आयुष्य गेलं. तिथली खटखट ठाऊक आहे? कानात कापूस कोंबला तरी दातांत वाजते. रात्रपाळी करून घरी यावं, तर पाण्याची गडबड, शेजारचा टीव्ही, आणि इंदूची, म्हणजे माझ्या बायकोची, भांडी. मला देव नको होता हो. गप्पपणा हवा होता. अशात पाळकांनी उपदेश केला, रोज दार लावून एकांतात बसा. मला घबाडच मिळालं! बायकोला गप्प बस म्हटलं तर भांडण होतं. एकांतात बसतो म्हटलं, की ती कढईवर झाकणसुद्धा दोन हातांनी ठेवायची.

आत मी काय करायचो? सुरुवातीला डोळे मिटून थोडं मागायचो. पुढे तेही सोडलं. मांडीवर बायबल उघडं ठेवून भिंतीला टेकायचो, कधी डुलकी काढायचो. आणि — सांगायला लाज वाटते — फार बरं वाटायचं. हाच तो विसावा, असं मी स्वतःला समजावलं. प्रभूचा विसावा असा कडी लावून एकट्याने खायचा असतो का? मी विचारलंच नाही.

त्या सकाळी इंदू पाणी भरत होती. मोरीत काहीतरी आदळलं. मग हाक आली — "अहो." एकदाच, फार मोठ्याने नाही. मला वाटलं, हंडा उचलायला बोलावतेय. कडीपर्यंत हात पोचला असता. मी उठलो नाही. माझा वेळ होता ना तो! दुसरी हाक आली नाही, तेव्हा मला चक्क हायसं वाटलं.

मनसोक्त बसून बाहेर आलो. ती ओल्या मोरीत पडली होती, नळ वाहत होता. खुब्याचं हाड मोडलं होतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, हे प्रार्थनेत होते, म्हणून मी पुन्हा हाक मारली नाही. पडल्या पडल्या वाटत होतं, हे आत माझ्यासाठीच मागताहेत, मग दुखणं सोसलं. बायका डोळे पुसायच्या. पाळकांनी ही साक्ष उपासनेत सगळ्यांना सांगितली. मी खाली बघत राहिलो. लोकांना ती नम्रता वाटली.

बोलायला वेळ नव्हता का? भरपूर होता. ती खाटेला खिळली ती उठलीच नाही. मुलगा अंकलेश्वरला, घरात आम्ही दोघंच. तिचं अंग पुसताना, तिला पेज भरवताना रोज ओठांवर यायचं. भीती कुणाची होती? तिचीच. तिच्या डोळ्यांत जो माणूस होता, तो मला घालवायचा नव्हता.

शेवटी शेवटी एका दुपारी तिनेच विचारलं. घरी आम्ही अहिराणीच बोलायचो. रागाने नाही, सहज म्हणाली, "मनी हाक तुमले आयकू उनी व्हती का?"

"नही," मी म्हणालो. हाक ऐकूच आली नव्हती, असं भासवलं.

मग लहान पोराला थोपटावं तसा तिने माझा हात थोपटला आणि भिंतीकडे तोंड केलं. तिला कळलं होतं का? मला माहीत नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

आता घरात हवी तेवढी शांतता आहे. रोज बसतो. डोळे मिटले की देवाशी बोलायचं असतं, पण तोंडात येतं ते तिच्यासाठीच — उनी व्हती, इंदू. पहिलीच हाक आयकू उनी व्हती.