आमच्या रुपयाचा नाद

“आमच्या अप्पांनी रुपया दगडावर टाकून घेतला की बास. नुस्त्या नादावर मोल सांगायचे. त्या कानाला जात नव्हती. एकदा गावाबाहेरची एक बाई खोटे रुपये घेऊन आली. अप्पांनी वळखलं. पण पोलिसात दिलं न्हाई. दया केली, पोरासगट सोडून दिलं.”

औरादच्या सभागृहात खांद्यावरची शाल सावरत बाबूअण्णाने हे सांगितले. टाळ्या पडल्या. बाबूअण्णा म्हणजे त्या अप्पा सराफांचा मुलगा, माझ्याच वयाचा. जुन्या नाण्यांचा जाणकार म्हणून त्याचा सत्कार होता.

ती बाई माझी माय. ते पोर मी.

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, “अण्णा, ते रुपये खोटे नव्हते.”

सूत्रसंचालक धावत आला. “काका, बसा की. चांगल्या कार्यक्रमात कामून जुनं उकरायलाव?”

बाबूअण्णा माइकवरूनच हसला. “ऱ्हाऊ द्या. त्याला बी नाण्यातलं लई कळतंय म्हणं. आता शाल एकच हाय, काय करावं?”

सभागृह हसले. मी बाहेर पडलो. तिथे जे बोलू दिले नाही, ते इथे लिहितो.

या माणसाचा मला मत्सर वाटतो. तो मी लपवत नाही आणि त्याची लाजही बाळगत नाही. पार जनवाड्यापर्यंतच्या गावांत कोणाच्या घरी जुनी नाणी निघाली की लोक बाबूअण्णाला मोटार पाठवतात. तो भिंग लावतो, छाप किती झिजली ते पाहतो, कडेवरचे कंगोरे चाचपतो आणि मोल सांगतो. मोल बरोबर असते, हेही मान्य करतो. पण चांदी ओळखणारा कान मलाही आहे. माझ्या दारी आजवर कोणी एक नाणे घेऊन आलेले नाही.

हा मत्सर आजचा नाही. माय सराफांच्या दुकानी जळणाची मोळी टाकायला जाई, तेव्हा मी पायरीखाली उभा राहत असे. आत गादीवर बाबू रुपयांशी खेळत असे. एकेक रुपया उचलायचा, समोरच्या फरशीवर टाकायचा. टण्ण! तो नाद लांबत जाई, थरथरे, मग हळूच विरे. मला त्याच्या गादीचा हेवा नव्हता. त्याच्या हातातल्या लाडवाचाही नव्हता. त्या नादाचा होता. आमच्याही घरी तो नाद होता. पण तो वाजवून दाखवायला आम्हाला जागा नव्हती.

आमच्याकडे हाली रुपये होते. निजामाचे, चारमिनारची छाप असलेले. मायला तिच्या मायने दिलेले. सणाच्या आदल्या दिवशी माय ते चिंचेने घासून लख्ख करी आणि मी चोरून एखादा पाट्यावर टाकी. टण्ण! अगदी बाबूच्या रुपयासारखा. माय ओरडे, “अरे, वाजवू नगं. ऐकलं कुणी तर म्हणतील, हेंच्याकडं कुठून आले?”

तिची भीती खरी होती.

थोरली बहीण बाळंतपणाला आली आणि अडली. तिला बिदरच्या दवाखान्यात न्यायचे ठरले. हाली रुपया तेव्हा चलनातून गेलेला. तो चांदी म्हणूनच विकायचा. मायने गाठोडी पदराखाली धरली आणि आम्ही बाजाराच्या गर्दीतून सराफांच्या पायरीखाली येऊन उभे राहिलो.

आमच्या हातचे नाणे अप्पा हातात घेत नसत. पायरीखाली एक दगड रोवलेला होता. त्यावर आम्ही आपल्या हाताने नाणे टाकायचे. अप्पा वर उभे राहून ऐकत. सौदा ठरला तर नोकर नाण्यावर पाणी ओतून मग ते उचली. इतकी वर्षे हे चालले होते की आमच्यातल्या कोणाला ते विचित्रही वाटत नसे.

“टाक,” अप्पा म्हणाले.

मायने टाकला. बद्द.

“दुसरा टाक.”

तोही बद्द. फुटक्या घागरीसारखा.

“खोटे हैत. कुठून आणलीस?”

“माज्या मायचे हैत, अप्पा.”

“तुज्या मायकडं चांदी?” अप्पांनी गिऱ्हाइकांकडे पाहिले. गिऱ्हाइके हसली. “पितळंच्या भावानं ठेव. न्हाईतर बोलवू का पोलिसाला?”

मायची मान खाली गेली. तेवढ्यात गादीवरून बाबू ओरडला, “खरा रुपया असा वाजतोय, बघ!” त्याने आपला रुपया फरशीवर टाकला. टण्ण! उसळून तो घरंगळला आणि पायऱ्या उतरून माझ्या पायाशी येऊन पडला.

मी तो उचलला.

“ठेव खाली!” अप्पा गरजले.

मी ठेवला नाही. छातीइतक्या उंचीवरून आमच्या दगडावर टाकला.

बद्द.

हसणे थांबले. अप्पांनी माझ्या हाताकडे पाहिले. मग ते म्हणाले, “पोराचा हात लागला. नाद गेला.”

हे वाक्य मी जसेच्या तसे लिहिले आहे. माझ्या हाताने चांदीचा नाद मरतो, असे भर बाजारात सांगितले गेले आणि भर बाजाराने माना डोलावल्या. पण मायने मान वर केली. तिने आपले रुपये वेचले, गाठ मारली.

“न्हाई इकायचे,” ती म्हणाली. “चल.”

अप्पांनी आम्हाला सोडले नाही. आम्ही त्यांना सोडून निघालो. त्याच दिवशी बिदरच्या एका सोनाराने ते रुपये हातात घेतले, कसोटीवर घासले, वर तेजाब टाकले आणि चांदीच्या भावाने ठेवून घेतले. बहीण वाचली. पण औरादात माय मरेपर्यंत ‘खोट्या रुपयाची’ राहिली. माझ्या सोयरिकीच्या वेळीसुद्धा पाहुण्यांनी आधी तेच विचारले.

आता दगडांचे ऐकावे. दुकानातली फरशी शहाबादी होती, घट्ट, गुळगुळीत. पायरीखालचा दगड बिदरचा तांबडा जांभा, भोकाभोकांचा, निम्मा मातीत रुतलेला. असा दगड नाद पिऊन टाकतो. कानाला जात नसेलही, बाबूअण्णा. दगडाला होती.

काहीजण मला समजावतात, “जाऊ द्या. अण्णा तवा लहान होता. त्याला काय ठाऊक? बापानं सांगितलं तेच तो सांगायलाय.” मी जाऊ देणार नाही. तो दगड अजून तिथेच आहे. आता त्यावर गिऱ्हाइके चपला काढतात. मी एक हाली रुपया विकत घेतला आहे. येत्या बाजारी मी त्या चपला बाजूला सारीन आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आधी तो दगड ऐकवीन, मग फरशी. सभा असो वा लग्न, जिथे माझ्या मायचे रुपये खोटे ठरवले जातील तिथे मी उभा राहीन. मला कोणी बसवून दाखवावे.

आणि ठाऊक नसण्याचे म्हणाल, तर त्या दिवशी आम्ही वळण्याआधी आणखी एक गोष्ट घडली. ‘हात लागला’ हे बापाचे बोलणे खरे करून दाखवायला बाबू धावत पायऱ्या उतरला. गादीवरचा कोरा दुसरा रुपया त्याच्या मुठीत होता; त्याला मी शिवलो नव्हतो, माय शिवली नव्हती. तो त्याने स्वतःच्या हाताने आमच्या दगडावर टाकला, आणि तोही बद्द वाजला.